लोंकर : एका टिंबाची हकीकत

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या पेठेंतल्या एका मोकळ्या जागेवर उत्तरेकडील व्यापाऱ्यांनीं गरम कपड्यांचीं दुकानें मांडलीं होतीं. त्यांतल्या एका दुकानावर ठळक नागरी अक्षरांत पाटी होती : ‘ऊन’. माझ्याबरोबर माझा आठ वर्षांचा नातू होता. अक्षरओळख नुकतीच पक्की झालेलीं मुलें दिसेल तें वाचीत सुटतात. त्यानें ती पाटी वाचली आणि मला विचारलें, “आजोबा, हे लोक ऊन विकतात ? तें तर फुकट मिळतें ना ?”

मी हंसलों आणि त्याला सांगितलें, “बाळ, हिंदींतलें ऊन म्हणजे आपली लोंकर.” त्याचा दुसरा प्रश्न तयारच होता. “मग आपण तिला लोकर कां म्हणतों ?” या प्रश्नाला मात्र मला उभ्याउभ्या उत्तर देतां आलें नाहीं. मेंढीच्या अंगावरील केंसांना आपण लहानपणापासून लोंकर म्हणत आलों. पण तो शब्द आला कोठून, हें आपल्याला कधीं विचारावेंसें वाटलें नव्हतें. घरीं येऊन कोश उघडले, आणि पुढील कित्येक संध्याकाळीं त्यांतच गेल्या. आज आपणांस जें सांगणार आहें, तें त्या मुलाला द्यावयाच्या उत्तराचाच विस्तार होय.

प्रथम हिंदींतील ऊन हा शब्द घेऊं. कारण त्याचें कूळ फार मोठें आहे. संस्कृत ऊर्णा, प्राकृत उण्णा, हिंदी ऊन, अशी त्याची सरळ वंशावळ आहे. हा शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे. परुष्णी म्हणजे आजची रावी नदी. तिच्या नांवाशीं निगडित असलेल्या ऊर्णेचा उल्लेख ऋग्वेदांत आहे. सोमरस गाळण्यासाठीं मेंढीच्या लोंकरीची गाळणी वापरीत, हें नवव्या मंडलांत पुनः पुनः येतें. पशूंचा रक्षणकर्ता जो पूषन्, त्याला एके ठिकाणीं मेंढ्यांच्या लोंकरीचीं वस्त्रें विणणारा असें म्हटलें आहे. देवानें माग चालवावा, ही कल्पना ज्या समाजाला सुचली, त्या समाजांत लोंकरीची प्रतिष्ठा केवढी असेल !

हा शब्द केवळ भारताचाहि नव्हे. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचें नातें बोलून दाखविलें. त्यानंतरच्या पंडितांनीं त्या नात्याचे जे पुरावे गोळा केले, त्यांत ऊर्णा हा एक ठळक पुरावा आहे. अवेस्तेची वरना, लॅटिनची लाना, लिथुआनियाची विल्ना, गॉथिक भाषेची वुल्ला आणि इंग्रजांचें वूल, या सर्व एकाच घराण्यांतील बहिणी होत. मेंढीचें नांव घेतलें तरी तोच प्रकार. संस्कृतांत अवि, लॅटिनमध्यें ओविस्. या भाषांचे पूर्वज एकमेकांपासून दूर जाण्यापूर्वींच त्यांच्या संगतीला मेंढरें होतीं, आणि मेंढराच्या अंगावरील केंसांना त्यांच्या भाषेंत स्वतंत्र नांव होतें, एवढें यावरून निश्चित म्हणतां येतें.

संस्कृतांत ऊर्णेचा परिवारहि पुष्कळ वाढला. एडका आणि लोंकरीचें पांघरूण या दोहोंनाहि ऊर्णायु हें नांव आहे. ज्याच्या नाभींतूनच जणूं लोंकरीचा धागा निघतो तो ऊर्णनाभ, म्हणजे कोळी. बुद्धमूर्तीच्या दोन भुंवयांमध्यें जो लहानसा वाटोळा उंचवटा दिसतो, त्यालाहि ऊर्णा असेंच म्हणतात; तो मूळचा केंसांचा भोंवरा होय, आणि महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांत त्याची गणना आहे.

असा हा थोर शब्द मराठीच्या रोजच्या बोलण्यांतून कां नाहींसा व्हावा ? यासंबंधीं माझें एक अनुमान आहे. तें अनुमान म्हणूनच ऐकावें. संस्कृत उष्ण या शब्दाचें प्राकृतांत उण्ह झालें, आणि त्यावरून मराठींत ऊन्ह, व पुढें ऊन झालें. त्यांतील ह अद्याप उन्हाळा या शब्दांत जिवंत आहे. म्हणजे मराठींत एक ऊन उष्णापासून आलें, तें सूर्याचें. आणि ऊर्णेपासूनहि ऊनच यावयाचें, तें मेंढीचें. एका घरांत एकाच नांवाचीं दोन माणसें असलीं म्हणजे हांक मारतांना घोंटाळा होतो, आणि एकाला दुसरें नांव द्यावें लागतें. मराठीच्या घरांत सूर्याचें ऊन राहिलें. मेंढीच्या उनाची जागा दुसऱ्या एका शब्दानें घेतली.

तो दुसरा शब्द म्हणजे लोम. लोम किंवा रोम, ल आणि र यांचा फरक बाजूला ठेवला, तर दोन्ही एकच. हाहि शब्द ऋग्वेदांत आहे. आणि गंमत अशी कीं, तो तेथेंहि मेंढीच्या सोबतीनें येतो. पहिल्या मंडलाच्या एका सूक्ताच्या शेवटीं एक स्त्री आपण गांधार देशच्या मेंढीप्रमाणें सर्वांगीं रोमशा आहों, असें म्हणते. परंपरेनें त्या स्त्रीचें नांवच रोमशा असें सांगितलें आहे. गांधार म्हणजे आजच्या पेशावरच्या भोंवतालचा प्रदेश. तिकडच्या मेंढीची दाट लोंकर त्या काळीं उपमा देण्याइतकी प्रसिद्ध होती, आणि त्या लोंकरीचें वर्णन करतांना जो शब्द वापरला गेला, त्याच शब्दाचा वंश पुढें मराठीकडे आला.

आपल्या पूर्वजांनीं केंसांचे प्रकार बारकाईनें वेगळे केले होते. डोक्यावरचे ते केश, दाढीमिशांचे तें श्मश्रु, आणि बाकीच्या अंगावरचे तें लोम. यास्काचार्यांनीं निरुक्तांत लोम या शब्दाच्या दोन व्युत्पत्ति दिल्या आहेत. जें कापलें जातें तें लोम, अथवा जें अंगाला चिकटून असतें तें लोम. आजचे भाषाशास्त्रज्ञ यास्काच्या व्युत्पत्ति जशाच्या तशा मान्य करीत नाहींत, हें खरें. परंतु कातरणें आणि चिकटून असणें या दोन कल्पना एका शब्दापाशीं आणून ठेवणाऱ्या त्या आचार्यानें कातरणीला आलेलें मेंढरूं पाहिलें नसेल, असें मला म्हणवत नाहीं.

या लोमाचे वंशज आपण रोज वापरतों; पण त्यांना ओळखत नाहीं. घरांत मांजर असेल तर तिच्या पाठीवरून मानेकडून शेपटीकडे हात फिरवून पहा. केंस मऊ लागतात, आणि मांजरहि सुखावतें. हेंच अनुलोम. आतां हात उलट फिरवा. केंस उभे राहतात, आणि मांजर तुमच्याकडे रागानें पाहतें. हें प्रतिलोम अथवा विलोम. धर्मशास्त्रकारांनीं विवाहाचे अनुलोम आणि प्रतिलोम असे भेद केले, आणि त्यांवरून माणसामाणसांत उंच भिंती उभ्या राहिल्या. पण त्या जड शब्दांच्या मुळाशीं जनावराच्या पाठीवरून फिरणारा हात आहे. भीतीनें वा हर्षानें अंगावर येतो तो रोमांच. वनपर्वांत पांडवांना तीर्थयात्रेस नेणारे ऋषि लोमश, म्हणजे अंगभर केंस असलेले. पुराणें सांगणारा सूत लोमहर्षण, म्हणजे ज्याची कथा ऐकून अंगावर कांटा उभा राहतो तो. आणि आपण बाळाच्या गालावरील ज्या कोंवळ्या केंसांना लव म्हणतों, ती लवहि याच लोमाची लेक आहे.

आतां आपण मुख्य शब्दाकडे येऊं. नभोवाणीवर एक अडचण असते. जी गोष्ट डोळ्यांनीं दिसते पण कानांनीं ऐकूं येत नाहीं, ती येथें कशी दाखवावी ? आजच्या भाषणांतील मुख्य साक्षीदार नेमका तसाच आहे. तो म्हणजे एक टिंब. हल्लीं आपण लोकर असें लिहितों. जुन्या मराठी पुस्तकांत हाच शब्द लोंकर असा, लो वर अनुस्वार देऊन लिहिलेला सांपडतो. तो अनुस्वार कोणी शोभेसाठीं दिलेला नव्हता. तो लोम या शब्दांतील म होता.

हें केवळ एका शब्दावरून म्हणत नाहीं. संस्कृत शब्दाच्या मध्यें असलेला म मराठींत येतांना विरघळतो, आणि आपल्या मागें नाकांतला एक हलका सूर ठेवून जातो. ग्राम याचें गांव झालें, नाम याचें नांव झालें. आमलकाचा आंवळा, श्यामलाचा सांवळा, कोमलाचा कोंवळा, भ्रमराचा भोंवरा झाला. जामाता घरीं आला तो जांवई होऊन. या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एकेक टिंब होतें, आणि प्रत्येक टिंब म्हणजे एकेका हरवलेल्या म ची खूण. लोंकर याच पंक्तींतील आहे. पुढचा कर हा जोड बाजूला ठेवला, तर मागें राहतो तो लों, म्हणजे लोम.

१९६२ सालीं महाराष्ट्र शासनानें मान्य केलेल्या लेखननियमांनीं न उच्चारले जाणारे असे अनुस्वार काढून टाकले. माझ्या हाताचें वळण जुनें आहे, म्हणून या लिखाणांत ते तसेच राहिले आहेत. तरुण वाचकांनीं त्याबद्दल क्षमा करावी. नियम करणाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतु मुळींच नाहीं. घाटावरच्या बोलण्यांत हा सूर ऐकूं येईनासा झाला होता, आणि कोणत्या शब्दावर टिंब आहे व कोणत्यावर नाहीं हें पाठ करतां करतां शाळेंतलीं मुलें रडकुंडीला येत. मीहि त्यांतलाच एक होतों. कोंकणी भाषेंत मात्र गांव आणि नांव म्हणतांना तो नाकांतला सूर अजूनहि स्पष्ट ऐकूं येतो. गोव्याच्या एकाद्या आजीबाईंना आपल्या गांवाचें नांव विचारा, म्हणजे पुस्तकांतून गेलेला अनुस्वार कानांना भेटेल.

टिंब गेलें, यानें कोणाचें अडलें नाहीं. नांव आणि नाव हे दोन शब्द एकसारखे दिसूं लागले, तरी होडींत बसतांना कोणी आपल्या नांवावर बसला नाहीं. पण लिहिलेल्या शब्दांतून त्याचा जन्म वाचतां येत होता, तें मात्र थांबलें. आणि लोंकरीच्या बाबतींत मला अधिक खेद वाटतो, याचें कारण तिच्या टिंबाबरोबर दुसरेंहि कांहीं आपल्या हातून जात आहे.

महाराष्ट्रांत लोंकर म्हटली म्हणजे धनगराची मेंढी आलीच. सातारा, सांगली, सोलापूर या भागांतील दख्खनी मेंढी बहुधा काळी असते. तिची लोंकर जाड आणि राठ. वर्षांतून दोनदां ती कातरावयाची. त्या लोंकरीचें सूत बहुतेक बायका कातीत. सनगर विणकर तें मागावर विणीत, आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देत. यांतून निघे तें घोंगडें. काळ्या घोंगड्याला रंग द्यावा लागत नाहीं. मेंढीचा रंग तोच घोंगड्याचा. पावसांत तें डोक्यावरून घेतलें म्हणजे खोळ होते, रात्रीं अंथरलें म्हणजे बिछाना होतो, आणि खंडोबाच्या जागरणांत पसरलें म्हणजे देवाची बैठक होते. आपल्या देशांत अशा पांघरुणांचा मान जुना आहे. पाणिनीनें कंबल शब्दापासून विशिष्ट वजनाच्या लोंकरीचें नांव सिद्ध करण्यासाठीं एक स्वतंत्र सूत्र दिलें आहे, आणि शंभर पल लोंकर असा त्या नांवाचा अर्थ टीकाकार सांगतात. एका कांबळ्याला किती लोंकर लागते, हें व्याकरणकारालाहि ठाऊक होतें ! कौटिल्यानेंहि नेपाळांतील पाऊस अडविणाऱ्या काळ्या कांबळ्यांची नोंद आपल्या अर्थशास्त्रांत केली आहे. मराठीचें कांबळें हें त्याच कंबलाचें रूप आहे.

याच लोंकरीची एक श्रीमंत बहीण फारसींतून आपल्याकडे आली. तिचें नांव पशम. फारसी भाषेंत पश्म म्हणजे लोंकर, आणि पश्मिना म्हणजे लोंकरीचें वस्त्र. लडाखाकडील उंच पठारावर ज्या बकऱ्या चरतात, त्यांच्या राठ केंसांखालीं थंडींत जी अत्यंत मऊ लव येते, तिच्यापासून काश्मीरच्या शाली होतात. शाल हा शब्दहि फारसीच. पेशव्यांच्या दरबारीं शालजोडी देऊन सत्कार होत असे. त्यावरून शालजोडींतले देणें हा शब्दप्रयोगहि आपल्या भाषेंत रुळला. पण या परक्या वाटणाऱ्या पशमेचें संस्कृतांतील नातें पहा. तिची सख्खी बहीण आहे पक्ष्मन्, म्हणजे डोळ्याची पापणी. इराणांत जो शब्द बकरीच्या अंगावर राहिला, तोच भारतांत माणसाच्या पापणीवर येऊन बसला. दरबारी पशम आणि धनगरी लोंकर, या दोघींनाहि मराठीनें आपल्या घरांत जागा दिली. एकीला दिवाणखान्यांत, दुसरीला ओसरीवर.

आज ती ओसरी रिकामी होत चालली आहे. आपल्या घरोघरीं लोकर म्हणून ज्या रंगीबेरंगी गुंड्या येतात, आणि ज्यांचीं आपल्या गृहिणी हौसेनें झबलीं, टोपरीं व स्वेटर विणतात, त्यांतल्या पुष्कळांत मेंढीचा एक केंसहि नसतो. तो ॲक्रिलिकचा धागा असतो. १९४१ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत असा धागा काढण्यांत यश आलें, आणि १९५० नंतर तो बाजारांत पसरला. खनिज तेलापासून निघणाऱ्या पदार्थांतून तो बनतो. तो स्वस्त आहे, त्याला कसर लागत नाहीं, आणि धुतल्यावर तो आंखडत नाहीं. गरिबाच्या मुलाला त्यानें थंडींत ऊब दिली आहे. त्याची निंदा मी करणार नाहीं.

परंतु त्याच वेळीं सांगली-सोलापुराकडे काय चाललें आहे, तें पाहिलें पाहिजे. राठ काळ्या लोंकरीला गिऱ्हाईक उरलें नाहीं. कातरणीची मजुरीहि त्या लोंकरींतून निघत नाहीं, म्हणून कातरलेली लोंकर कित्येकदां माळावरच टाकून दिली जाते. मेंढी पाळावयाची ती मांसासाठीं, असा हिशेब झाल्यावर अंगावर लोंकर नसलेली मेंढीच धनगराला परवडते. जत तालुक्यांतील माडग्याळ मेंढी उंच आणि वजनदार असते. तिच्या अंगावर कातरण्याजोगी लोंकर फारशी नसते, आणि तिला मागणी मोठी आहे. धनगराचा हा हिशेब चुकीचा आहे, असें शहरांतल्या आपण कोणत्या तोंडानें म्हणावें ? आपण घोंगडें शेवटचें विकत घेतलें तें केव्हां ?

श्रोतेहो, ऊन आणि लोंकर यांची ही कथा पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. ऊर्णा हा शब्द मराठींतून गेला, तेव्हां वस्तु राहिली होती. म्हणून तिला दुसरें नांव सहज मिळालें. आज त्याच्या उलट घडत आहे. नांव राहिलें आहे आणि वस्तु जात आहे. शब्द गेला तर भाषा तो पुनः घडवूं शकते. तिच्यापाशीं तेवढी शक्ति आहे. पण मेंढीची एक जात, मागावर बसणारे हात, आणि खळ कितपत दाट असावी हें बोटांनीं ओळखण्याची विद्या गेली, तर ती कोणत्याहि कोशांतून परत आणतां येणार नाहीं.

नातवाला मीं शेवटीं एवढेंच सांगितलें : “लोम म्हणजे अंगावरचे केंस, म्हणून आपण लोंकर म्हणतों.” मग माळ्यावरच्या पेटींतून माझ्या वडिलांचें जुनें घोंगडें काढलें आणि त्याच्या हातीं दिलें. त्यानें तें गालाला लावलें आणि लगेच दूर केलें. “आजोबा, टोंचतें कीं हो हें !” तो म्हणाला.

खरी लोंकर थोडी टोंचतेच. या थंडींत पंढरपूर-सांगोल्याकडे जाणें झालें, तर बाजारांत घोंगडें विकणारा कोणी बसला आहे का, तें पहावें; आणि दिसल्यास गालाला न लावतां, पायांवर घेण्यासाठीं एक अवश्य विकत घ्यावें.